चांपुरादो आणि गिरणीपुढचे तीन तास

6 जानेवारीला रोस्का दे रेयेस या गोड पावाच्या माझ्या तुकड्यात बाहुली निघाली, आणि मेक्सिकोतील रिवाजाप्रमाणे 2 फेब्रुवारीला, म्हणजे कांदेलारियाच्या सणाला, सर्वांना तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालणे माझ्या वाट्याला आले. तामालेस मी विकतच आणणार होते. त्यांच्यासोबतचा चांपुरादो, म्हणजे मक्याच्या पिठाचे दाट, गरम चॉकलेट पेय, मात्र घरी करीन, असे ओआहाकातील शेजारणींना तोऱ्यात सांगून बसले.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवणे सोपे गेले. सकाळी सात वाजता बादली घेऊन गिरणीवर पोहोचले, तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. मालकाला विचारले की ‘आओरीता’ हे एकच उत्तर मिळे. शब्दाचा अर्थ ‘आत्ताच’ असला, तरी त्या दिवशी तो तीन तासांचा निघाला. माझ्यापुढच्या सगळ्या बायका तामालेससाठी जाडसर दळून घेत होत्या, आणि माझी पाळी आल्यावर मालकाने न विचारताच माझाही मका तसाच भरडून दिला. मला बारीक, लोण्यासारखे पीठ हवे होते. दगड पुन्हा जवळ आणायला त्याने साफ नकार दिला. आतोलेसाठी, म्हणजे चांपुरादोसारख्या मक्याच्या दाट पेयासाठी, दळायचे आहे, हे रांगेत उभे राहण्यापूर्वीच सांगावे.

घरी ते पीठ थंड पाण्यात कालवून पातळ कापडातून दोनदा गाळले, म्हणून पेय वाचले. गरम दुधात पीठ थेट टाकल्यास गुठळ्या होतात. पुढे दालचिनी, पिलोन्सियो म्हणजे तिथला गूळ आणि चॉकलेटच्या वड्या घालून, मोलिनियो ही लाकडी रवी दोन्ही तळव्यांत फिरवत फेस आणला.

चुन्यामुळे मक्यातील कॅल्शियम वाढते आणि एरवी अंगी न लागणारे नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. म्हणूनच ही रीत न उचलता मका खाणाऱ्या युरोपात पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग पसरला. तरीही याला पौष्टिक म्हणताना हात आखडता घ्यावा. लिटरला 100 ग्रॅम पिलोन्सियो घातला, तर चारांपैकी प्रत्येक पेल्यात जवळपास 25 ग्रॅम गोडवा जातो, आणि चॉकलेटच्या वडीतली साखर वेगळीच. माझ्या हिशेबाने अर्धे दूध, अर्धे पाणी घेतल्यास पेल्यामागे सुमारे 300 किलोकॅलरी होतात.

दुसरा पेला संपवताना शेजारीण म्हणाली, “मासा आरिना का नाही आणलेस?” चुन्यात शिजवलेल्या मक्याचे ते बारीक, तयार पीठ गिरणीशेजारच्याच दुकानात मिळत होते.