रुग्णवाहिका खाली उभी होती

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या पथकात मी परिचारिका आहे. गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी ८१ वर्षांच्या एका आजोबांकडे जात असे. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरला होता आणि नुसती कूस बदलली तरी कळ मस्तकात जाई. "आता मला हा जिना उतरवू नका," असे त्यांनी माझ्यासमोर मुलाला बजावले होते.

दुखणे आटोक्यात यायला तीन दिवस लागले. दर चार तासांनी मॉर्फीन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची गोळी, मध्यरात्री उठवावे लागू नये म्हणून झोपताना दुप्पट मात्रा, आणि या गोळीने बद्धकोष्ठता हमखास होत असल्याने सोबत न चुकता पोट साफ होण्याचे औषध. वडिलांना सवय लागेल या धास्तीने मुलगा सुरुवातीला गोळी द्यायची टाळत होता. ही धास्ती मला घरोघरी भेटते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध इतकी वर्षे दुर्मीळ राहिले, की २०१४ साली कायद्यात सुधारणा होऊनही त्याच्या नावाचा धसका गेलेला नाही.

त्या गुरुवारी सकाळी मुलाचा फोन आला, "सिस्टर, बाबांना घरघर लागली आहे, मी रुग्णवाहिका बोलावली." मी पोहोचले तेव्हा गाडी खाली उभी होती आणि दोन माणसे स्ट्रेचरसह जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडली होती.

आजोबा शुद्धीत नव्हते, पण कपाळावर एकही आठी नव्हती. अखेरीस गिळण्याची ताकद उरत नाही, घशात लाळ साठते आणि श्वासाबरोबर ती हलते, तोच हा आवाज. त्याचा त्रास रुग्णापेक्षा ऐकणाऱ्यालाच जास्त होतो. भूक मंदावेल, झोप वाढेल, हे सारे मी घरच्यांना सांगितले होते, परंतु या आवाजाविषयी बोलायचे राहिले, ही चूक माझी होती.

डॉक्टरांना फोन करून त्यांनी सांगितलेले इंजेक्शन मी कातडीखाली दिले; गिळणे थांबल्यामुळे मॉर्फीनही आता तसेच द्यायचे होते. मग सूनबाईंच्या मदतीने त्यांना कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली. हळूहळू आवाज मंदावला.

"दवाखान्यात नेले तर वाचतील का?" मुलगा दारातूनच विचारत होता.

"नाही, दादा. तिथे नळ्या लावतील आणि तुम्हाला बाहेर बसवतील."

तो खाली गेला, पैसे देऊन त्याने गाडी परत पाठवली आणि वर येऊन वाटीतल्या पाण्यात कापूस भिजवून वडिलांच्या कोरड्या ओठांवरून फिरवू लागला. दुपारभर तो तिथून हलला नाही.

दिवेलागणीला आजोबा गेले. डॉक्टरांनी घरी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, भरून दिला. दाखला कोण देणार हे मी आता पहिल्याच भेटीत ठरवून घेते, कारण पूर्वी एका घरी ते राहून गेले होते आणि त्या माणसांना दुःखाच्या रात्री एका कागदासाठी दारोदार फिरावे लागले होते.

वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याची तयारी सुरू असताना मुलाने गोदरेजच्या कपाटातून उरलेल्या गोळ्या काढल्या. आम्ही दोघांनी त्या मोजल्या, आणि प्रत्येक मात्रेची वेळ ज्या वहीत तो लिहीत आला होता, तिच्यातच आकडा टिपून त्याने खाली सही केली.