सेस्ना १७२ ने डेथ व्हॅली: येतानाचा फ्युएलचा हिशोब आधी वाचा

आधी निकाल सांगून टाकतो. बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोकडून) डेथ व्हॅलीला १७२, म्हणजे चार सीटचं एका इंजिनाचं छोटं विमान, घेऊन जाणार असाल तर जाताना काही त्रास नाही, पण येताना टेहाचापीची डोंगरखिंड ओलांडली की बेकर्सफील्डला उतरून टाक्या भरायच्याच, कागदावर कितीही उरत असलं तरी. लायसन्स, आयपॅड, ऑक्सिजन, डोंगरातलं उडणं हे सगळं तुमचं जमलेलं आहे असं धरून चालतोय. इथे फक्त फ्युएलबद्दल लिहितोय, कारण बाकी कोणी ते धड लिहिलेलं मला निघण्याआधी सापडलं नाही.

सुरुवात घरच्याच रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागी) झाली. विमान देणारा म्हणाला, टाक्या फुल आहेत. मी शिडी लावून टाकीत मोजायची दांडी घातली तर फ्युएल टॅबपर्यंतच (टाकीच्या तोंडातली अर्धवट भरल्याची खूण). आमच्या १७२एस मॉडेलमध्ये एकूण ५६ गॅलन, त्यातले ५३ वापरता येतात, आणि टॅबपर्यंत भरलं असेल तर ३५. म्हणजे १८ गॅलनचा फरक, जवळजवळ दोन तासांचं उडणं! चार जण बसणार असतील तर वजनामुळे टॅबपर्यंतच भरतात (गॅलनला ६ पाउंड धरा), ते बरोबरच आहे, पण मग ते तसं सांगा ना. आम्ही दोघंच होतो, मी आणि बायको, ट्रक परत बोलावला आणि काठोकाठ भरून घेतलं. फ्युएलच्या काट्यांवर तर जाऊच नका. शून्याची खूण वापरण्याजोगं फ्युएल संपल्यावरची असते एवढं नियमाने ठरलेलं आहे, त्याच्या वरचे आकडे हेलकाव्यांबरोबर हलत राहतात.

आता वाटेतल्या बंद पंपाची गोष्ट. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला रनवे आहे, समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली, पण फ्युएल नाही. स्टोव्हपाइप वेल्सलाही नाही. त्यामुळे आत शिरण्याआधी कुठेतरी टाक्या भरायलाच लागतात. इनयोकर्नचं एअरपोर्ट वाटेतच होतं, पण अॅपवर त्याच्या उत्तरेच्या एका छोट्या एअरपोर्टवर गॅलनमागे दीड डॉलर स्वस्त दिसत होतं, दर दोन दिवसांपूर्वी अपडेट केलेला, आणि तो तसाही आमच्या रस्त्यावरच. उतरलो तर सेल्फ सर्व्हचा कार्ड रीडर बंद, त्यावर कागद चिकटवलेला, आणि कागदावर एक नंबर. नंबर लावला तर समोरचा म्हणतो, येऊन भरून देतो, कॉलआउटचे ९० डॉलर वेगळे. नोटॅममध्ये (पायलटांसाठीच्या अधिकृत सूचनांत) अक्षरही नव्हतं. पंप बंद आहे हे त्यांना माहीत, कागद त्यांनीच लावलेला, मग नोटॅम टाकायला काय जातं?

तिथे रॅम्पवर उभं राहून हिशोब केला. टाकीत २७ गॅलन. तसंच आत गेलो असतो तर फर्नेस क्रीकला २१ उरले असते आणि बाहेर पडून इनयोकर्न गाठेपर्यंत ८. ते ८ सुद्धा वारा नाही असं धरून. असल्या आकड्यावर वाळवंटात शिरायचं नाही, विषय संपला. आम्ही उलटे इनयोकर्नला गेलो, २९ गॅलन भरले आणि पुन्हा उत्तरेला आलो. दीड डॉलरच्या हिशोबाने वाचणार होते ४३ डॉलर, आणि जादा चाळीस मिनिटांचं विमानाचं भाडं झालं त्याच्या तिप्पट. ज्या क्लबचं विमान तो क्लब बाहेर भरलेल्या फ्युएलचे पैसे ठरावीक दरापर्यंतच परत देतो, कॉलआउटचे देत नाही, म्हणून ९० द्यायला जीव होत नव्हता, पण आज विचाराल तर सांगेन की द्या आणि मोकळे व्हा, चिडायचं ते घरी येऊन चिडा. आणि त्याहून बरं म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी एअरपोर्टला फोन करा. पंप चालू आहे का, कार्ड कुठलं चालतं, माणूस किती वाजेपर्यंत असतो, एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

डेथ व्हॅलीतले दिवस मस्त गेले, झब्रिस्की पॉइंट, बॅडवॉटर सगळं पाहिलं, फोटो हवे तेवढे सापडतील.

येताना. इथे नीट लक्ष द्या. फर्नेस क्रीकहून इनयोकर्न सरळ रेषेत ६६ मैल दिसतं पण मध्ये चायना लेकचा रिस्ट्रिक्टेड एरिया (लष्करी, परवानगीशिवाय उडता येत नाही) आहे, त्याला पश्चिमेकडून वळसा घालून, ओलांचा गावावरून खाली आलं की ९० च्या वर जातं. निघताना समुद्रसपाटीच्या खालून चढायला सुरुवात आणि समोर पॅनामिंट डोंगरांची रांग, टेलिस्कोप पीक ११ हजार फुटांच्या वर, म्हणजे नुसत्या चढाईत दोन गॅलन जास्तीचे धरा. आमच्याकडे निघताना ४४ होते. घरापर्यंत साधारण ३६० मैल, फोरकास्टमध्ये समोरून १० नॉट (ताशी सागरी मैल) वारा, ताशी साडेनऊ गॅलन, कागदावर घरी ९ गॅलन उरत होते, म्हणजे जवळपास एक तास. कायद्याला दिवसा ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं फ्युएल शिल्लक असलं तरी पुरतं, तेव्हा कायद्याने आमचं सगळं चोख होतं.

मग वारा घेऊन येणारा फ्रंट (हवामानातला बदलाचा पट्टा) अंदाजापेक्षा लवकर आला. ओलांचा ओलांडून दक्षिणेला वळलो तेव्हाच ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबाने वेग) पडायला लागला होता, आणि इनयोकर्नच्या पुढे टेहाचापीकडे तोंड केल्यावर तो ७० नॉट झाला. खाली हायवेवरच्या गाड्या आमच्या बरोबरीने चाललेल्या दिसत होत्या. टेहाचापी पासमध्ये हजारो पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या, तिथे वारा खिंडीतून घुसतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला तो बरोबर नाकावर. बायको दर अर्ध्या तासाला कागदावर वेळ, ग्राउंडस्पीड आणि घरी पोचल्यावर उरणारं फ्युएल लिहीत होती, आणि तिनेच विचारलं, "अरे, मगाशी हा आकडा एक तास होता ना, आता बारा मिनिटं कसा?" तिथेच ठरलं, बेकर्सफील्ड. जॉशुआ अप्रोचला (तिथल्या रडार कंट्रोलला) सांगितलं आणि सरळ तिकडे.

उतरल्यावर पहिलं काम दांडी. हिशोबाने २० गॅलन असायला हवे होते, निघाले १८. डावीकडे ७, उजवीकडे ११. टाकी निवडायचा सिलेक्टर पूर्ण वेळ बोथवर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, होता, तरी १७२ दोन्ही टाक्यांतून सारखं ओढत नाही, हे तिचं नेहमीचंच. आणि ते दोन गॅलन गेले मिक्श्चरमध्ये, म्हणजे हवेत फ्युएल किती मिसळायचं त्या सेटिंगमध्ये. पासमध्ये एवढे हादरे बसत होते की मी मिक्श्चर थोडं रिच (फ्युएल जास्त) ठेवलं होतं, आणि हँडबुकमधले क्रूझचे आकडे नीट लीन (फ्युएल कमी) केल्यावरचे असतात, तसं लीन नसेल तर ते आकडे तुमचे नाहीतच. पुढे घर १९२ मैल, त्या वाऱ्यात दोन तास, १९ गॅलन. टाकीत १८. स्कूटरसारखा रिझर्व्हचा कॉक विमानाला नसतो. तसंच पुढे गेलो असतो तर घराच्या अलीकडे दहा मैलांवर, अंधारात, डोंगरांवर इंजिन बंद झालं असतं.

हे लिहिताना अजून हात थरथरतोय असं नाही, पण राग आहे, कारण ट्रेनिंगमध्ये ३० मिनिटांचा आकडा घोकून घेतात आणि विषय संपवतात. एनटीएसबीने (अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणारी संस्था) २०१७ मध्ये यावर सेफ्टी अॅलर्ट काढला, त्यात २०११ ते २०१५ या काळात फ्युएलच्या गडबडीमुळे वर्षाला सरासरी ५० च्या वर अपघात होत होते असं दिलंय. त्यातल्या ५६ टक्क्यांत टाक्याच रिकाम्या झालेल्या, आणि ३५ टक्क्यांत फ्युएल विमानात होतं पण इंजिनापर्यंत पोचत नव्हतं, म्हणजे सिलेक्टर चुकीच्या टाकीवर वगैरे. आणि हे सगळे शिकाऊ पायलट नव्हते.

माझा नियम आता एकच आहे, चाकं टेकताना टाकीत एक पूर्ण तास. पण तो तास निघताना कागदावर असून उपयोग नाही, हवेत दर अर्ध्या तासाला पुन्हा मोजायचा, आणि एक तासाच्या खाली गेला की त्याच क्षणी सगळ्यात जवळचा चालू पंप. पुढे वारा कमी होईल, खिंडीपलीकडे सॅन ह्वाकिन व्हॅलीत उतरल्यावर स्पीड मिळेल असली आशा धरायची नाही. आम्हाला तिथेही ९५ नॉटच मिळाला. हिवाळ्यात पाऊस पडून गेल्यावर वारा शांत असेल तर आणखी एक भानगड, सॅन ह्वाकिन व्हॅलीत टुली फॉग (जमिनीलगतचं दाट धुकं) बसतो, आणि मग बेकर्सफील्ड, फ्रेस्नो सगळंच एकदम बंद. अशा दिवशी टेहाचापीच्या पूर्वेलाच, मोहावी किंवा इनयोकर्नला टाक्या काठोकाठ भरून घ्या आणि परत फिरण्याइतकं हातात ठेवूनच खिंडीत शिरा.

भरून झाल्यावर टाकीची झाकणं स्वतः लावा. झाकणाचं सील गेलेलं असेल तर उडताना पंखाच्या वरून फ्युएल ओढलं जातं आणि आत बसून कळतही नाही. उतरल्यावर झाकणाच्या मागे निळा ओघळ दिसला तर समजा, १००एलएलचा, म्हणजे या विमानांच्या पेट्रोलचा, रंग निळा असतो. १७२एस ला फ्युएलमधलं पाणी-कचरा तपासायचे ड्रेन १३ आहेत, वैताग येतो, तरी तेराही तपासा.

आर्चर किंवा चेरोकी (पायपरची अशीच छोटी विमानं) नेणाऱ्यांसाठी: तुमच्याकडे बोथ नाही, लेफ्ट किंवा राइट एवढंच. आर्चरमध्ये वापरता येतात ४८ गॅलन, म्हणजे आमच्यापेक्षा ५ कमी, तेव्हा या वाटेवर बेकर्सफील्ड तुम्हाला जाताना पण लागेल. दर ३० मिनिटांचा टायमर लावा, टाकी बदलण्याआधी विमानातला इलेक्ट्रिक फ्युएल पंप चालू करा, आणि बदल खाली उतरता येईल अशी जागा असताना करा, पॅनामिंटच्या डोक्यावर असताना नको.

इनयोकर्नला सेल्फ सर्व्ह आम्हाला तरी पहिल्या फटक्यात चालला. तरी फोन कराच.