स्पॅनिश सूचनेचे साडेनऊ तास

टेक्ससमधील एका मध्यम आकाराच्या शहराच्या महापालिकेत मी द्विभाषिक जनसंपर्काचे काम करते. लॅटिनो वस्त्यांपर्यंत महापालिकेची माहिती स्पॅनिशमधून पोहोचवणे ही माझी जबाबदारी आहे. पुण्यात शिकलेली स्पॅनिश, नंतर दिलेली स्पॅनिशची डेले परीक्षा, नोकरीचा अर्ज, मुलाखत आणि महापालिकेने स्वतः घेतलेली भाषाचाचणी हे सारे टप्पे सुरळीत पार पडले, त्यामुळे त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सांगायचे आहे ते पाणी उकळून पिण्याच्या एका स्पॅनिश सूचनेविषयी, जी विधी विभागात अडकल्यामुळे इंग्रजीनंतर साडेनऊ तासांनी निघाली. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजूनही गेलेला नाही.

आपल्याकडे पावसाळा लागला की ‘पाणी गाळून व उकळून प्यावे’ हे आवाहन इतक्या वेळा वाचनात येते की ते कोणी लिहिले, कोणी मंजूर केले, असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. येथे मुख्य जलवाहिनी फुटून दाब फार कमी झाला की अशी सूचना काढणे बंधनकारक असते. केंद्रीय नियमानुसार ती शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत लोकांपर्यंत पोहोचवावी लागते. इंग्रजी न समजणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण मोठे असेल, तर सूचनेचे महत्त्व त्यांच्या भाषेत सांगावे लागते किंवा अनुवाद कोठे मिळेल याचा फोन क्रमांक अथवा पत्ता तरी द्यावा लागतो. हा ‘किंवा’च घातक आहे, कारण नुसता फोन क्रमांक छापला तरी नियम पाळला गेला असे म्हणता येते.

त्या दिवशी इंग्रजी सूचना सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी निघाली. पाणीपुरवठा विभागातील सहकाऱ्याच्या शेजारी बसून मी स्पॅनिश मजकूर सोबतच लिहीत होते, त्यामुळे तो पंधरा मिनिटांत तयार झाला आणि मी तो विधी विभागाकडे पाठवला. ज्यांच्याकडे तो गेला, त्यांना स्पॅनिश येत नव्हती. त्यांनी एक-एक शब्द शब्दकोशात पाहण्यास सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत ते थांबले. ‘आग्वा दे ला याव्हे’ म्हणजे नळाचे पाणी. मेक्सिकोतील माणूस घरात हेच म्हणतो. परंतु ‘याव्हे’ या शब्दाचा पहिला अर्थ किल्ली असा आहे. पाण्याच्या सूचनेत किल्ली कशासाठी, अशी लेखी विचारणा माझ्याकडे आली. मी लेखी उत्तर दिले. मग स्पॅनिश मजकूर दुसऱ्या पानावर का गेला, इंग्रजीत नसलेले काही त्यात घातले आहे काय, असा प्रश्न आला. तेच म्हणणे स्पॅनिशमध्ये साधारण पाचव्या हिश्शाने अधिक जागा घेते, हे मी पुन्हा लेखी कळवले. त्यानंतर बाहेरच्या अनुवाद संस्थेकडून मजकुराचा इंग्रजीत उलट अनुवाद करून घेतल्याशिवाय सही होणार नाही, असा निर्णय झाला.

तो अनुवाद दुपारी चार वाजता आला आणि सोबत एक दुरुस्तीही आली: ‘याव्हे’च्या जागी ‘ग्रीफो’. हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो स्पेनमधला आहे. आमच्या शहरातील बहुतेक कुटुंबे मेक्सिकोतून आणि त्यांच्या खालोखाल एल साल्वादोर, ग्वातेमाला व होंडुरास येथून आलेली आहेत, आणि मध्य अमेरिकेतील या लोकांच्या तोंडी नळाला ‘चोर्रो’ म्हणतात. मी ‘याव्हे’ कायम ठेवून पुढे कंसात ‘चोर्रो’ घातला, तर मंजूर मजकुरात बदल झाला म्हणून फाइल पुन्हा खाली आली. स्पॅनिश सूचना संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी निघाली. २४ तासांची मुदत पाळली गेल्यामुळे कागदोपत्री त्यात कोणाचीही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापील पत्रके घेऊन वस्तीतील एका पानादेरियात गेले. पानादेरिया म्हणजे तेथील बेकरी. चर्च आणि शाळेच्या फाटकाइतकीच ती बातमी पसरण्याची जागा असते. मालकीणबाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत आणि मला ‘मिहा’, म्हणजे बाळा, अशी हाक मारतात. गल्ल्यामागे काचेचा मोठा पिंप रिकामा करून पालथा घातलेला होता. “मिहा, चार वाजेपर्यंत मी त्याच पाण्याचा बर्फ घालून ओर्चाता विकत होते,” त्या म्हणाल्या. ओर्चाता म्हणजे तांदळाचे थंड पेय. इंग्रजी संदेश त्यांच्या फोनवर सकाळीच आला होता, परंतु महापालिकेचे नाव पाहून ती पाणीपट्टीची आठवण असावी असे त्यांना वाटले. खरा प्रकार त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळला. माझ्या मजकुरात बर्फाविषयी स्वतंत्र ओळ होती आणि ती सव्वानऊ तास एका टेबलावर पडून होती. पुढे पाण्याचे नमुने शुद्ध आले आणि कोणी आजारी पडल्याचे ऐकिवात आले नाही, परंतु तो पालथा पिंप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

या कामात येऊ इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की मंजुरी संकटाच्या दिवशी मागू नये. टेक्ससच्या पर्यावरण आयोगाने या सूचनेचा नमुना इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही तयार ठेवलेला आहे. आमची अडचण अशी झाली होती की इंग्रजीत टँकरची ठिकाणे आणि नकाशा यांची माहिती मध्येच घुसडलेली होती, त्यामुळे स्पॅनिशही नव्याने लिहावे लागले. आता आम्ही राज्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवतो आणि स्थानिक माहिती खाली वेगळ्या चौकटीत देतो. तारीख, वस्ती आणि फोन यांच्या मोकळ्या जागा सोडलेला हा कागद विधी विभागाकडून आगाऊ मंजूर करून घेण्यास मला चार महिने लागले, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. त्यानंतर आलेल्या पुढच्या प्रसंगी दोन्ही भाषांतील सूचना एकाच वेळी निघाल्या.

तारखेवरून आठवले: महिना नेहमी अक्षरी लिहावा. येथे ४/३ म्हणजे ३ एप्रिल, तर मेक्सिकोतून आलेला वाचक ते ४ मार्च असे वाचतो. पाणी ‘उकळा’ एवढेच लिहून भागत नाही. टेक्ससच्या सूचनेत चांगली खळखळून उकळी आल्यानंतर २ मिनिटे असे म्हटलेले आहे, आणि स्पॅनिशमध्ये त्या खळखळण्यासाठी ‘आ बोर्बोतोनेस’ हा नेमका शब्द आहे. वाचकाला ‘तू’ म्हणायचे की ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’, हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सरकारी कागदावर ‘उस्तेद’च असावे. इंग्रजीतील ‘नोटरी’साठी ‘नोतारियो’ कधीही लिहू नये, कारण लॅटिन अमेरिकेत नोतारियो हा मोठ्या अधिकाराचा कायदेतज्ज्ञ असतो, आणि याच गैरसमजाचा फायदा घेऊन येथे स्थलांतरितांची फसवणूक केली जाते.

मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि भाषासाहाय्याविषयीचा २००० सालचा आदेश त्याने रद्द केला. आता स्पॅनिशची गरज उरली आहे काय, असे आमच्या एका बैठकीत विचारले गेले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण, म्हणजे केंद्राचा निधी घेणाऱ्यांना मूळ देशावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा भाग, आणि पाण्याच्या सूचनेचा नियम हे दोन्ही कायम आहेत, असे मी तेथे सांगितले. ते दोन्ही कागद मी टेबलाच्या वरच्या खणातच ठेवते. पुराच्या इशाऱ्याचा स्पॅनिश मजकूर सध्या विधी विभागाकडे आहे. त्याला सहा आठवडे झाले असून येत्या सोमवारी मी स्वतः जाऊन पुन्हा विचारणार आहे.