गोडा मसाला जाळीवर नको, ताटात घाला

इकडे टेक्सासात मार्च-एप्रिल उजाडला की गल्लीत सगळीकडे ग्रिल पेटायला लागतात आणि आपली मराठी मंडळी जमली की कुणीतरी आलं-लसूण-दह्यात बुडवलेलं चिकन हमखास घेऊन येतं. चवीला झकासच असतं, वाद नाही, पण अर्धा मसाला जाळीला चिकटतो आणि पाणी उडेपर्यंत रंग काही धरत नाही. म्हणून मी आता कोरडा मसाला चोळतो, इकडे त्याला रब म्हणतात.

रबमधलं आत जातं ते फक्त मीठ. बाकी तिखट, मिरी, जिरं सगळं वरच राहतं, कितीही तास ठेवा. त्यामुळे मीठ वेगळं धरायचं, किलोला साधारण 10-12 ग्रॅम, आदल्या रात्री चोळायचं आणि न झाकता फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. आधी पाणी सुटतं, मग ते खारट पाणी मांसातच परत मुरतं, आणि सकाळी कातडी हाताला अगदी कोरडी लागते, कागदासारखी. तीच नंतर कुरकुरीत होते.

मसाला मात्र ग्रिलवर टाकायच्या थोडा आधी. मी मिरी जाडसर कुटतो, ब्याडगीचं तिखट घालतो (रंग भरपूर, जाळ कमी, इकडच्या पॅप्रिका या सौम्य लाल तिखटाच्या जागी एकदम फिट्ट), लसणाची पावडर कारण ताजा लसूण करपतो, आणि जिरं कच्चंच, कारण भाजायचं काम निखारे करणारच आहेत ना! इकडचे लोक ब्राऊन शुगर घालतात, ती मंद आचेला ठीक आहे, 110-120 डिग्री सेल्सियसला तासन्‌तास ठेवायचं असेल तर. थेट निखाऱ्यावर साखर काळी पडून कडू होते, तिथे गूळही नको न साखरही नको.

सेंट्रल टेक्सासची ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचा मोठा तुकडा, तिला बऱ्याच ठिकाणी नुसतं मीठ आणि मिरी. ओकच्या लाकडाच्या धुरात दहा-बारा तास, आत साधारण 95 डिग्री होईपर्यंत. त्याची ती काळी साल चाखली की पंधरा मसाल्यांच्या डब्याचा मोह जरा कमी होतो.

आणि गोडा मसाला? त्यात खोबरं, तीळ, सगळं आधीच खरपूस भाजलेलं, थेट आचेवर गेलं की करपलंच. त्याला उपाय टेनेसी राज्यातल्या मेम्फिसवाल्यांकडे आहे. तिथे 1948 पासूनचं रान्देव्हू नावाचं हॉटेल आहे, चार्ली व्हर्गोस या ग्रीक वंशाच्या माणसाने काढलेलं, ते पोर्क रिब्ज कोळशावर भाजतात, व्हिनेगरचं पाणी मारतात आणि मसाला शेवटी वरून भुरभुरतात. मी चिकनच्या मांड्यांना तेच करतो, थर्मामीटरवर 74 डिग्री दिसलं की काढायच्या, लिंबू पिळायचं आणि त्या ओल्या गरम कातडीवर चिमटीने गोडा मसाला. वास असा सुटतो की शेजारचा कुंपणावरून विचारतो काय चाललंय म्हणून.

अजून एक, मसाला लागेल तेवढा आधीच वाटीत काढून घ्या, कच्च्या चिकनचा हात बरणीत घालू नका, आणि उरला तर टाकून द्या, जीव जळला तरी.