तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकच्या मुलांना कंबोडिया कशाला?

पत्रकारिता शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. कधी एखादे पालक विचारतात, कधी डेस्कवरचे जुने सहकारी. "मॅडम, आपल्याकडे युद्ध म्हणजे देवळालीच्या रेंजवरचा तोफांचा सराव. ही पोरं उद्या महापालिका, कांदा नि कुंभमेळा कव्हर करणार. त्यांना युद्धवार्ताहरांच्या आठवणी कशाला वाचायला लावता?"

मी ते त्यातल्या मैत्रीसाठी वाचायला लावते. बाहेरून बातमीला आलेला पत्रकार आणि त्याला वाट दाखवणारा तिथला पत्रकार, या दोघांमधली मैत्री. माझ्या वर्गात सुरगाणा, पेठ, कळवण, बागलाण या तालुक्यांकडची मुलं असतात. उद्या ती बहुतेक या दुसऱ्या माणसाच्या जागी असणार आहेत, आणि त्या जागेबद्दल त्यांना कुणीच काही सांगत नाही.

म्हणून सुरुवात सिडनी शॅनबर्ग आणि डिथ प्रान यांच्यापासून. शॅनबर्ग न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार. १९७१ साली ढाक्यातली कत्तल जगाला सांगणाऱ्यांत तो होता आणि त्याबद्दल पाकिस्तानने त्याला तिथून हाकललं होतं. पुढे तो कंबोडियात गेला. तिथे त्याला प्रान भेटला. ख्मेर, फ्रेंच, इंग्रजी बोलणारा. तो नुसता दुभाषा नव्हता. कुठल्या रस्त्याने जायचं, कोण खोटं बोलतंय, कुठे थांबलो तर मरू, हे सगळं त्याला कळायचं. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजचं, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांचं, सैन्य राजधानी नॉम पेन्हच्या दाराशी आलं. १२ तारखेला अमेरिकनांनी आपली माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढली. प्रानची बायको आणि चार मुलंही त्यांच्याबरोबर गेली. शॅनबर्ग थांबला, म्हणून प्रानही थांबला. लढाई संपली की रक्तपातही थांबेल, अशी आशा तेव्हा दोघांनाही होती.

१७ एप्रिलला शहर पडलं. त्याच दिवशी एका हॉस्पिटलमधून बाहेर पडताना शॅनबर्ग, ब्रिटिश पत्रकार जॉन स्वेन आणि फोटोग्राफर अल रॉकॉफ यांना सैनिकांनी बंदुका रोखून चिलखती गाडीत कोंबलं. प्रान बाहेर उभा राहून सैनिकांशी हुज्जत घालत होता. आतल्यांना वाटलं, हा स्वतःला सोडवायला बघतोय. प्रत्यक्षात, मलाही यांच्याबरोबर आत घ्या, म्हणून तो भांडत होता. आपण नसलो तर या तिघांची बाजू मांडायला कुणी उरणार नाही, हे त्याला कळलं होतं. पुढे नदीकाठी नेल्यावर त्याने तासाहून जास्त वेळ विनवण्या केल्या. हे फ्रेंच आहेत, तुमचा विजय जगाला सांगायला आलेत, असं तो सांगत राहिला. चौघेही सुटले.

हे वाचताना वर्ग गप्प होतो. पण मला खरं शिकवायचं असतं ते याच्या पुढचं.

परदेशी लोकांनी फ्रेंच वकिलातीत आसरा घेतला. काही दिवसांतच हुकूम आला की परदेशी कागदपत्रं नसलेल्या कंबोडियन लोकांनी बाहेर पडावं. स्वेनकडे जादा ब्रिटिश पासपोर्ट होता. खाडाखोड करून तो प्रानच्या नावावर खपवायचा प्रयत्न झाला, पण जमलं नाही. ज्याने तिघांचा जीव वाचवला, त्याला वाचवायला तिघांकडे काहीच नव्हतं. प्रान फाटकातून बाहेर पडला आणि शॅनबर्ग ट्रकमधून थायलंडला पोचला. शिकलेल्यांना वेचून मारलं जात होतं, म्हणून पुढची चार वर्षं प्रान अडाणी असल्याचं सोंग घेऊन राहिला. दिवसाला चमचाभर तांदूळ मिळायचा. मूठभर चोरले म्हणून त्याला जवळजवळ मरेस्तोवर मारलं. ख्मेर रूजच्या राजवटीत सुमारे १७ लाख माणसं मेली, त्यांत प्रानच्या नात्यागोत्यातली पन्नासहून जास्त होती.

१९७६ साली शॅनबर्गला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं. ते त्याने स्वतःच्या आणि प्रानच्या वतीने स्वीकारलं. प्रानच्या कुटुंबाकडे तो अमेरिकेत लक्ष देत राहिला, थाई सीमेवरच्या मदत संस्थांना प्रानचे फोटो पाठवत राहिला. ऑक्टोबर १९७९ मध्ये प्रान चालत थायलंडमध्ये पोचला. मग जानेवारी १९८० मध्ये शॅनबर्गने त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला. शॅनबर्ग मला मोठा वाटतो तो एका कारणासाठी. प्रान माझ्यामुळे अडकला, ही गोष्ट त्याने कुठेही झाकली नाही.

प्रानचं नशीब सगळ्यांना मिळत नाही. मार्च २००७ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानने इटालियन पत्रकार डानिएले मास्त्रोजाकोमो, त्याचा ड्रायव्हर सय्यद आगा आणि स्थानिक पत्रकार अजमल नक्शबंदी यांना पळवलं. आगाचा गळा चिरला. तालिबानचे पाच कैदी सोडून इटालियन पत्रकाराची सुटका झाली. अजमलला एप्रिलमध्ये मारलं. तिघेही एकाच गाडीत, एकाच बातमीसाठी गेले होते.

आता आपल्याकडे या. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावरून, शेतकऱ्यांचा किसान लाँग मार्च निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईला पोचला. दहावीच्या मुलांना पेपराला जाताना अडचण नको म्हणून शेवटच्या रात्री ही माणसं झोप सोडून आझाद मैदानापर्यंत चालली. त्यांच्या रक्ताळलेल्या पायांचे फोटो देशाने पाहिले. वनहक्काचे, म्हणजे कसत असलेली जंगलजमीन नावावर करण्याचे, दावे काय असतात, कसतोय त्यापेक्षा कितीतरी कमी जमीन पट्ट्यावर कशी लागते, कुठल्या पाड्यावर कुणाशी बोलायचं, हे मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांना तालुक्याच्या वार्ताहरांनी सांगितलं. आदिवासींच्या कोकणा बोलीतलं बोलणं त्यांनीच उलगडून दिलं. त्यातल्या किती बातम्यांवर त्यांची नावं आली? चॅनलांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन निघून गेल्या. वार्ताहर तिथेच राहिला, त्याच तलाठ्यासमोर, त्याच फॉरेस्ट गार्डसमोर, त्याच पुढाऱ्यासमोर. मानधन बातमीगणिक, त्यात जाहिरातींचं टार्गेट. आजारी पडला तर खर्च घरचा.

सुरगाण्यात बंदुका रोखलेल्या नसतात, हे मान्य. धोक्याचं माप वेगळं आहे, पण तो कुणाच्या अंगावर येतो ते दोन्हीकडे सारखंच आहे.

म्हणून मी मुलांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते. बाहेरचा पत्रकार मदत मागेल तेव्हा जरूर करा, जीव लावून करा, पण बातमीवर नाव मागा. आधी मागा, छापून आल्यावर नको. पेट्रोलचे पैसे मागायला लाजू नका. तुम्ही ओळख करून दिलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा की नाही, यात तुमचा शब्द चालला पाहिजे, कारण उद्या त्याच्या दारात तुम्हालाच जायचंय. आणि तुमच्यातलं कुणी पुढे मुंबईला गेलं, मोठ्या चॅनलला लागलं, तर परत येताना इथल्या वार्ताहराला 'लोकल सोर्स' म्हणू नका. त्याला नाव आहे.

गेल्या वर्षी पेठच्या एका मुलीने विचारलं, "पुलित्झरवर प्रानचंही नाव का नाही घातलं? वतीने घेणं वेगळं आणि नाव असणं वेगळं." त्यावर वर्गात जोरात वाद झाला. काहींचं म्हणणं, शॅनबर्गने त्याच्या हातात होतं तेवढं केलं. माझं मत त्या मुलीच्या बाजूचं आहे. प्रान पुढे त्याच न्यूयॉर्क टाइम्समध्ये फोटोग्राफर झाला, २००८ साली गेला. जो माणूस १९८० मध्ये तिथे पत्रकार म्हणून चालला, तो १९७५ मध्येही पत्रकारच होता.