सतोपंथ, निपाणीचा दोस्त आणि मधली दहा मीटर दोरी

निघायच्या आदल्या रात्री आज्जीला सांगितलं, सतोपंथला जायलोय म्हणून. ती शेंगा फोडत बसली होती, हात थांबला तिचा. म्हणाली, "त्या वाटेनं पांडव गेले रे बाळा. त्यातलं परत कोण आलं?"

मी तिला समजावलं की पांडवांची म्हणतात ती वाट बद्रीनाथच्या अंगाला आहे, तिकडं सतोपंथ ताल आहे, मी जायलोय ते त्याच नावाचं शिखर आहे आणि त्याला चढायचं गंगोत्रीकडून. तिला काय पटलं नाही. खरं डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून दिली, आईनं बेळगावच्या कॅम्प भागातनं दोन किलो कुंदा आणला, आणि मी गोवा एक्सप्रेसनं दिल्ली गाठली.

परत येऊन आता तीन महिने झाले. गल्लीत, कारखान्यात, लग्नात, जो भेटतो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "टॉप झाला काय?" नाही झाला. मग समोरचा गप्प होतो, पाठीवर हात ठेवतो, "असू दे, पुढच्या वर्षी" म्हणतो. मनापासूनच म्हणतात सगळे. खरं मला जे सांगायचंय ते त्या प्रश्नात बसतच नाही, म्हणून इथं लिहायलोय.

सतोपंथ ७०७५ मीटर. गढवालमध्ये गंगोत्री हिमनदीच्या पट्ट्यात आहे. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे नऊ बेळगावं एकावर एक रचली तरी अजून थोडं उरतंय. पहिल्यांदा त्याच्यावर माणूस पोचला तो १ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या दोन आठवडे आधी, आंद्रे रोशच्या स्विस टीमबरोबर. त्या मोहिमेत तेनझिंग नोर्गे होते. सुरुवातीला शेर्पांचे सरदार होते वांगदी नोर्बू, ते केदारनाथ शिखरावर दोरीच्या जोडीदारासकट घसरले आणि त्यांचा पाय मोडला, तेनझिंग वर जाऊन त्यांना खाली आणणाऱ्यांत होते आणि सरदारकी त्यांच्याकडे आली. ही गोष्ट आम्हाला उस्तादांनी गोमुखच्या वाटेवर भोजबासाला टेंटमध्ये सांगितली होती. उस्ताद म्हणजे आमचे गाईड, उत्तरकाशीकडचे, पन्नाशीचे, आवाज कधी चढवत नाहीत. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाले, "दोरी मतलब रिश्तेदारी." तेव्हा छान वाटलं ऐकायला. अर्थ नंतर कळला.

तयारी मी दीड वर्ष केली. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, पहिली शिफ्ट असली की पहाटे साडेतीनला उठून येळ्ळूरचा राजहंसगड, सॅकमध्ये पाण्याचे कॅन घालून अठरा किलो, चार वेळा वर चार वेळा खाली. रविवारी वैजनाथचा डोंगर नाहीतर महिपाळगड. खडकावरचा हात बसवायला दोनदा बदामी. त्याच्या आधी उत्तरकाशीच्या नेहरू माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमधनं बेसिक आणि अॅडव्हान्स दोन्ही कोर्स झाले होते आणि एक सहा हजारी शिखर झालं होतं. मामा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, सियाचीनला राहून आलेत, त्यांनी एकच सांगितलं, "रात्री मोजे बदलल्याशिवाय झोपायचं नाही, कितीबी दमलास तरी." त्यांच्या त्या एका वाक्यामुळं माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत असं मी मानतो.

ज्या कंपनीतर्फे गेलो तिचं नाव लिहीत नाही. बूट एक नंबर लहान आले, उत्तरकाशीच्या बाजारात फिरून भाड्यानं दुसरे घेतले, इथवर ठीक आहे. पण फोनवर त्यांचा माणूस मला म्हणाला होता, "सर फिक्स रोप असतो सगळीकडं, तुम्हाला फक्त चालायचंय." हे वाक्य मला अजून टोचतंय. नवीन पोरगा असता तर विश्वास ठेवून गेला असता.

कारण फिक्स रोप, म्हणजे आधी जाऊन डोंगराला बांधून ठेवलेली दोरी, सगळीकडं नसतोच. गंगोत्रीहून भोजबासा, गोमुख, मग हिमनदी ओलांडून नंदनवन, तिथनं चतुरंगी हिमनदीच्या काठाकाठानं वासुकी ताल, तो आमचा बेस कॅम्प, ४९०० मीटरच्या आसपास. गढवाली लोक हिमनदीला बामक म्हणतात. चतुरंगी बामक नावाप्रमाणंच रंगीत आहे, दगडमातीचे पट्टे, लालसर, करडे, काळे, आणि खाली बर्फ. रात्री दगड घरंगळल्याचा आवाज सतत येतो, पहिल्या रात्री मला वाटलं कोणतरी टेंटजवळ चालतंय. समोर भागीरथीची शिखरं, मागं शिवलिंग. पहाटे शिवलिंगाच्या टोकाला ऊन लागतं ते बघायला मी रोज थंडीत बाहेर येऊन उभा राहायचो, त्याबद्दल लिहीत बसलो तर पोस्ट संपणार नाही.

बेस कॅम्पच्या वर खरा बर्फ सुरू होतो. मे महिन्यात वरती ताजा बर्फ असतो आणि त्याच्याखाली भेगा झाकलेल्या असतात. वरून सपाट मैदान दिसतं, आपल्या टिळकवाडीतल्या एखाद्या ग्राउंडसारखं, आणि त्याच्याखाली तीस-चाळीस मीटरचा खड्डा असू शकतो. तिथं फिक्स रोप कोण आणि कुठं लावणार? तिथं चार माणसं एका दोरीला बांधून चालतात. दोघांच्या मधे आठ-दहा मीटर अंतर. दोरी ताणायची नाही आणि ढिली सोडायची नाही, बर्फाला नुसती टेकत राहिली पाहिजे. पुढच्याचा वेग तोच आपला. त्याला लघवीला थांबायचं तर सगळे थांबणार. पुढचा भेगेत गेला तर मागच्यांनी त्याच क्षणाला आडवं पडायचं, आईस अॅक्सचं, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीचं, टोक बर्फात रोवून छातीचा भार त्याच्यावर टाकायचा. मग स्नो बार, म्हणजे धातूची लांब पट्टी, आडवा पुरून अँकर, म्हणजे दोरीला पक्का आधार, करायचा, भार त्याच्यावर घ्यायचा आणि पुली लावून ओढायचं. एकास तीनची पुली. कारखान्यात चेनपुलीवर मी रोज कास्टिंग उचलतोय म्हणून हिशोब लगेच कळला, पण कॅरॅबिनरवर, म्हणजे दोरी अडकवायच्या झडपेच्या कडीवर, दोरी घासती तिथं निम्मा फायदा जातोय, ते हातानं ओढल्यावरच कळतं. बेस कॅम्पवर उस्तादांनी दोन दिवस हेच करून घेतलं. आमच्यातला एक जण वैतागला, म्हणाला हे कोर्समध्ये झालंय. उस्तादांनी त्यालाच भेगेत उतरवलं आणि आम्हाला काढायला लावलं. चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या वेळेला अठरा.

माझ्या दोरीत पुढं उस्ताद, मग निपाणीचा एक जण, मग मी, शेवटी त्यांचा मदतनीस पोरगा. निपाणीवाल्याची आणि माझी ओळख दिल्लीच्या स्टेशनवर झाली. मी फोनवर आईशी बोलायलो होतो, "जेवलो गे, काळजी करू नको," तर मागनं आवाज, "बेळगाव काय बे?" गाडीत आम्ही सीमेवरच्या सगळ्या गोष्टी काढल्या, शाळेत कन्नड किती मार्क पडायचे इथपासनं. त्याच्याकडं पण भडंग आणि माझ्याकडं पण भडंग. शिक्षक आहे, लग्न ठरलंय, बोलायला लागला की थांबत नाही. तो बोलायचा थांबला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, खरं ते पुढं येतंय.

कॅम्प वनच्या वर सतोपंथची ती प्रसिद्ध धार. आधी उभी चढण, मग सुरीच्या पात्यासारखी कड, दोन्ही बाजूला उतार सरळ खाली, आणि एका बाजूला वाऱ्यानं बाहेर आलेला बर्फाचा छज्जा, त्याच्यावर पाय पडला तर संपलं. इथं मात्र फिक्स रोप असतो, शेर्पा आणि गढवाली पोरांनी आधी जाऊन लावलेला. जुमार एक, म्हणजे दोरीवर फक्त वर सरकणारी पकड, आणि सेफ्टी एक, म्हणजे कमरेपासनं फिक्स रोपला अडकवायची जादा दोरी. अँकर आला की आधी सेफ्टी पलीकडं लावायची, मग जुमार काढून पलीकडं. दोन्ही एका वेळी कधीच मोकळं नाही. मी प्रत्येक अँकरला तोंडानं म्हणायचो, सेफ्टी, जुमार, सेफ्टी, जुमार. जाताना तेवीस अँकर मोजले. कॅम्प टूला पोचलो आणि कुंदा काढला तर दगड झालेला, आईस अॅक्सनं फोडून चघळला. भात शिजत नाही तिथं, पाणी ऐंशी डिग्रीच्या आसपासच उकळतंय, पण कुंद्यानं वेळ भागवली.

समिटच्या रात्री एक वाजता निघालो. साडेपाचला उजाडायला लागलं, उंची ६६०० च्या वर. वारा नव्हता. असा दिवस मिळत नाही हो. वर डोकं काढलं की शिखर दिसत होतं. आणि माझ्या पुढची दोरी वाकडी चालायला लागली. म्हणजे निपाणीवाला एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मी ओरडून विचारलं तर उत्तर आलं ते उशिरा, आणि जिभेला जड. उस्ताद मागं आले, त्याला म्हणाले दहा पावलं सरळ चालून दाखव, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून. तिसऱ्या पावलाला तो बसला.

मेंदूला सूज यायला लागली की माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो. त्याला हेस म्हणतात, तिथं तासांचा खेळ असतो, खाली नेणं हाच इलाज. उस्तादांनी सूज उतरवायचं इंजेक्शन दिलं, डेक्सामेथासोन. दुसऱ्या दोरीतले तिघं पुढं होते, त्यांना वॉकीटॉकीवर तसंच वर जायला सांगितलं. आणि मला म्हणाले, "धार पे दो आदमी चाहिए. एक आगे, एक पीछे. मदतनीस कॅम्प समेटेगा. तू आएगा?"

विचारलं त्यांनी. हुकूम दिला नाही. मी त्यावेळी काय विचार केला ते खरं खरं लिहितो. दीड वर्ष, सगळी रजा, बहिणीकडनं घेतलेले पैसे, आणि शिखर समोर. मला वाटलं हा इतका बोलत राहिला म्हणून दमला, ह्यानं पाणी नीट प्यायलं नाही, आणि भोगायचं मी. राग आला त्याचा, चांगलाच राग. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बेळगाव, तू जा की." तेवढं म्हणायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

पांडवांच्या गोष्टीत द्रौपदी पडती, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम, आणि युधिष्ठिर मागं वळून बघत नाही. लहानपणापासनं ऐकलेलं. मला तिथं आज्जी आठवली. युधिष्ठिराच्या कमरेला दोरी नव्हती, माझ्या होती, आणि तिचं दुसरं टोक बर्फात बसलेलं. मी "आता हूँ" म्हटलं.

कॅम्प टूला चहा पाजला, इंजेक्शननं जरा शुद्धीवर आल्यासारखा झाला, आणि नऊला धारेवर लागलो, ऊन वाढून बर्फ मऊ व्हायच्या आत पार करायची म्हणून. त्याच्या बोटांना कॅरॅबिनरचं गेट उघडेना. तेवीस अँकर. प्रत्येक अँकरला मी त्याच्याजवळ जाऊन त्याची सेफ्टी पुढं लावायची, मग बाकीचं काढायचं, मग तेच माझं. बाहेरचे हातमोजे काढल्याशिवाय गेट हाताला लागत नव्हतं, काढले की बोटं मरायची, काखेत धरून परत जिवंत करायची. मधेच तो बसायचा, "इथंच थांबतो" म्हणायचा, मी त्याला लग्नाचं विचारायचो, हॉल कुठला, जेवणात काय, मांडे करणार काय. उत्तर द्यायचा. चुकीचं द्यायचा, पण द्यायचा. अकराव्या अँकरला त्याचा पाय गेला, दोन मीटर खाली लोंबकळला, दोरीनं धरलं. उस्तादांनी पुढनं फक्त एवढंच म्हटलं, "आराम से. रस्सी है." तीन तास लागले. कॅम्प वनला उतरल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःहून वाक्य बोललं, "पाणी दे की." मी टेंटमागं जाऊन रडलो.

दुसरी दोरी पोचली वर, तिघंही. फोटो बघितले, फार सुंदर दिवस होता त्यांचा, मला खरंच बरं वाटलं.

ज्यांना जायचंय त्यांनी मला फोन करा, काय लागंल ते सांगतो. खरं कंपनीला पैसे भरायच्या आधी कोर्स करा, तो महिनाभराचा आहे, पर्याय नाही त्याला. कोर्स केला म्हणजे धोका संपला असंही नाही, २०२२ च्या ४ ऑक्टोबरला द्रौपदी का दांडा शिखरावर त्याच इन्स्टिट्यूटची तुकडी हिमस्खलनात सापडली, २९ जण गेले, त्यात तिथली इन्स्ट्रक्टर सविता कंसवालसुद्धा होती जिनं त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केलं होतं. आणि कंपनीला विचारा एका गाईडमागं किती माणसं, ऑक्सिजनची बाटली कुठल्या कॅम्पला ठेवणार, दोरी किती जुनी. मागं फिरायचा निर्णय कोण घेतो, हे नक्की विचारा. उत्तर देताना अडखळले तर सोडा ती कंपनी.

घरी आलो तेव्हा आज्जीनं टॉपचं विचारलंच नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या पोराची आई निपाणीत कुठं राहती?" दुसऱ्याच रविवारी बसनं नेलं तिला. दोघी अर्धा तास बोलल्या, काय बोलल्या मला माहीत नाही, आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. त्याला डॉक्टरनं तपासून बरं म्हटलंय. येत्या रविवारी पहाटे पाचला तो येळ्ळूरला येतोय, सॅक बारा किलोचीच घ्यायची असं मी बजावलंय त्याला.