मागची सीट

रविवार, रात्र

सकाळी तर्री पोहे हाणून घरी आलो, तर नातू बाल्कनीत पेपर पसरून स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, प्लास्टिकचं मॉडेल जोडत बसलेला. गोंदाचा वास घरभर. "आजोबा, पणजोबा यावरच होते ना?"

यावरच. बाबा एअरफोर्समध्ये फिटर, विमानं दुरुस्त करणारे. पन्नासच्या दशकात अंबाल्याला स्पिटफायरवर होते. शेवटची पोस्टिंग इथे नागपूरला मेंटेनन्स कमांडला मिळाली, म्हणून आम्ही गिट्टीखदानचे झालो.

शौर्याच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. सांगितली ती शेपटीची. जमिनीवर इंजिन जोरात चालवून बघायचं, तर शेपटी उचलली जायची आणि विमान नाकावर यायची भीती. म्हणून एक-दोघांनी शेपटीवर आडवं पडायचं. पंख्याचा वारा तोंडावर, डोळ्यांत धूळ, पोटाखाली थरथरता पत्रा. "अंगात आल्यागत हलायचं बाप्पा," म्हणायचे, आणि अजून धूळ जायची असल्यासारखे डोळे चोळायचे.

नातवाला फोटो दाखवायला मोबाइल काढला आणि एमएल ४१७ नंबरच्या एका स्पिटफायरवर अडकलो, ते संध्याकाळपर्यंत. १९४४ चं विमान. कॅनडाच्या ४४३ स्क्वाड्रनमध्ये नॉर्मंडीच्या लढाईत होतं. युद्धानंतर भारतासाठी त्याचं दोन सीटांचं ट्रेनर केलं, नंबर मिळाला एचएस ५४३. नंतर ते अमेरिकेत एका संग्राहकाकडे गेलं. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या स्टीफन ग्रे यांनी घेतलं आणि १९८४ मध्ये ते पुन्हा उडालं. स्वतःच्या हौसेने लढाऊ विमानं सांभाळणारा माणूस! आमच्याने बाबांची स्कूटर सांभाळली गेली नाही, भंगारवाल्याने किलोवर नेली. त्यामुळे मालकाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

पण एक खुपलंच. दुरुस्तीत मागचं कॉकपिट काढलं, विमान परत एका सीटचं केलं आणि त्यावर कॅनडाच्या स्क्वाड्रनची जुनी अक्षरं रंगवली. मूळ रूपात आणलं म्हणे. मूळ कोणतं? लढाई मूळ, आणि इथली पोरं ज्यात शिकली ते दोन सीटांचं रूप म्हणजे मधली डागडुजी? मागच्या सीटवर मास्तर बसायचा. ती सीट कुठल्या कोपऱ्यात पडली असेल कोण जाणे. बाबांचा हात नेमका याच विमानाला लागला होता का, ते विचारायला आता बाबा नाहीत.

नातवाच्या मॉडेललाही एकच सीट. वर चिकटवायच्या खुणा सगळ्या ब्रिटिश. त्याला म्हटलं, थांब, नंबर मी घालतो. चष्मा लावून बारीक ब्रशने एचएस ५४३ काढलं. हात थरथरला, पाचाचं पोट फुगलं.

"आजोबा, ऑटोच्या नंबरासारखं दिसतंय."

दिसतंय खरं. थिनर आणून पुसू म्हणाला, मी नको म्हटलं.